स्कायलाइटच्या दोन काचांमध्ये पाणी धरतंय – पाचगणीचं घर, सल्ला हवा आहे

निशिगंध

नमस्कार मंडळी,

पाचगणीला सासूबाईंचं जुनं कौलारू घर आहे. छप्पर नव्याने केलं तेव्हा जिन्यात दिवसाही दिवा लावावा लागतो म्हणून छपराच्या उतारातच स्कायलाइट बसवून घेतला. 4 फूट बाय 3 फुटांच्या दोन काचा आहेत, एकीखाली एक, अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पक्क्या बसवलेल्या, उघडत नाहीत. दोन्ही डबल ग्लास आहेत. काम पुण्याच्या एका फॅब्रिकेटरने केलं, काचाही तिकडूनच तयार होऊन आल्या.

गेल्या पावसाळ्यापासून खालच्या काचेत वाफ धरायला लागली आहे. सकाळी बघावं तर खालच्या कडेला टपोरे थेंब, वर धुकं. दुपारी ऊन पडलं की कमी होतं. मार्च-एप्रिलमध्ये बरंचसं गेलं होतं, पण जाताना खालच्या कोपऱ्यात पांढरट ढग ठेवून गेलं, आणि ते आतून-बाहेरून कितीही पुसलं तरी जात नाही. यंदा जूनपासून पुन्हा सुरू. वरची काच मात्र अजून स्वच्छ आहे.

फॅब्रिकेटर फोनवर म्हणतो, "घरात दमटपणा जास्त आहे, डिह्युमिडिफायर लावा." गावातल्या एका कारागिराने वर चढून सगळ्या कडांना सिलिकॉन मारून दिलं. त्याने काही फरक पडला नाही, उलट यंदा जास्तच वाटतंय. सासूबाई संध्याकाळी त्याच जिन्याच्या पायरीवर बसून पोथी वाचतात, त्यांना तो उजेड हवाच आहे. अख्खा स्कायलाइट काढून पुन्हा कौलं घालायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा.

आतली वाफ काढता येते का? की काच बदलावीच लागते?

सह्यवारा

यूट्यूबवर एक उपाय पाहिला होता. काचेला कोपऱ्यात बारीक भोक पाडायचं, आतली हवा सुकवायची, सिलिका जेल सोडायचं आणि भोकाला छोटी व्हॉल्व्ह बसवायची. परदेशात यालाच वाहिलेल्या कंपन्या आहेत म्हणे. काच बदलण्यापेक्षा स्वस्त पडेल. एखाद्या ड्रिलवाल्याला विचारून बघा.

काचकाम

निशिगंधताई, कृपा करून त्या काचेला कुणालाही ड्रिल लावू देऊ नका. सह्यवारा यांनी चांगल्या मनानेच सुचवलंय, पण तुमच्या डबल काचेतली बाहेरच्या बाजूची काच बहुतेक टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, असणार. कोपऱ्यात छोटा शिक्का दिसतोय का पाहा. टफन काचेला भोक भट्टीत जायच्या आधी पाडतात, नंतर नाही. नंतर ड्रिल टेकवलं की अख्खी काच एका क्षणात ज्वारीच्या दाण्यांएवढ्या तुकड्यांत खाली येते. आणि भोक पाडता आलं असतं तरी तुमचा तो पांढरा ढग गेला नसता. त्याचं कारण पुढे सांगतो.

मी चाकणच्या बाजूला डीजीयू, म्हणजे हीच डबल काच, बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्यभर काम केलंय. लाइनवर सुरुवात केली आणि शेवटची वर्षं तक्रारी तपासायला साइटवर जाण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फॅब्रिकेटरच्या म्हणण्याचं बघू. घरातल्या दमटपणाने काचेला घाम येतो हे खरं, पण तो खोलीच्या बाजूने येतो. बोट फिरवलं की बोट ओलं होतं. पहाटे कधीकधी बाहेरच्या बाजूनेही दव धरतं, तेही पुसता येतं, आणि ते तर काच चांगली असल्याचं लक्षण आहे. तुमचं पाणी दोन्हीकडून पुसलं जात नाही, म्हणजे ते मध्ये आहे. मधल्या पाण्याचा तुमच्या घरातल्या हवेशी, स्वयंपाकाशी, ओल्या कपड्यांशी काडीचाही संबंध नाही. डिह्युमिडिफायर लावून फक्त विजेचं बिल येईल.

दोन काचांच्या मध्ये कडेने जी चंदेरी पट्टी दिसते तिला स्पेसर म्हणतात. पोकळ असते. तिला आतल्या बाजूने सुईच्या टोकासारखी भोकं असतात आणि पोटात मॉलिक्युलर सीव्हचे बारीक मणी भरलेले असतात. बंद करताना जी थोडी ओल आत राहते ती हे मणी ओढून घेतात, आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं पाणी. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्युटाइलची काळी चिकट दोरी असते. वाफ अडवायचं खरं काम तिचं. तिच्या बाहेर दुसरा सीलंट, पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन. तो काचा एकमेकींना धरून ठेवतो.

कुठेतरी ही कड सुटली की काच श्वास घ्यायला लागते. दिवसा ऊन लागून आतली हवा फुगते आणि फटीतून बाहेर जाते. रात्री गार होऊन आक्रसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. पाचगणीच्या पावसाळ्यात ती बाहेरची हवा म्हणजे ढगच. सुरुवातीला मणी ओल पीत राहतात, तुम्हाला काहीच दिसत नाही. मणी भरले की मग धुकं दिसायला लागतं. म्हणजे बिघाड गेल्या वर्षीचा नाही, त्याच्याही आधीचा आहे. उन्हाळ्यात जे "गेलं" ते फक्त मण्यांमधून आणि फटीतून तात्पुरतं सुकलं.

आणि पांढरा ढग: काचेत सोडा असतो. साचलेलं पाणी तो काचेतून ओढून काढतं, त्या क्षारट पाण्याने काचेचा पृष्ठभागच खाल्ला जातो. तो डाग नसतो, काच झिजलेली असते. तिथे आतून हात पोचला तरी निघणार नाही. काचेवर लो-ई कोटिंग, म्हणजे उष्णता परतवणारा चांदीचा पातळ थर, असेल तर आणखी वाईट, त्यातली चांदी ओलीने काळवंडते.

तेव्हा सरळ उत्तर: ती काच गेली. पण फ्रेम, फ्लॅशिंग (फ्रेमभोवतीचे पाणी अडवणारे पत्रे), कौलं यातलं काहीही काढायची गरज नाही. बाहेरची पट्टी उघडून तेवढं एक युनिट बदलता येतं. स्कायलाइट वाचेल.

मात्र नवी काच मागवायच्या आधी ही का गेली ते शोधू या. तसं न करता बसवली तर तीही जाईल, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. मला तीन गोष्टी सांगा. एक, फ्रेमच्या खालच्या कडेला, बाहेरून, पाणी जायला भोकं आहेत का, आणि कारागिराने मारलेलं सिलिकॉन त्यांच्यावरून गेलंय का? दोन, ते लावताना व्हिनेगरसारखा वास आला होता का? तीन, बाहेर एखाद्या उंच जागेवरून दोन्ही काचांमधलं झाडाचं प्रतिबिंब बघा. सरळ दिसतं की वाकडं? ही तिसरी गोष्ट नीट बघा, ती महत्त्वाची आहे.

कौलारू_चिपळूण

आमच्याकडे पिढ्यानपिढ्या मंगलोरी कौलांमध्ये मधूनमधून काचेचं कौल घालतात. माजघरात उजेड पडतो, फुटलं तर एक कौल बदललं की झालं. आमच्या पावसात टिकतं तर पाचगणीत का नाही टिकणार? डबल काचेची हौस कशाला करायची, असं माझं स्पष्ट मत आहे. जिन्यावर आठ-दहा कौलं काचेची घाला आणि मोकळे व्हा.

निशिगंध

काचकाम काका, इतकं समजावून कुणी सांगितलंच नव्हतं. मनापासून आभार. शनिवारी वर गेलो होतो, यांनी शिडी लावून पाहिलं.

भोकं आहेत. म्हणजे होती. खालच्या पट्टीत दोन लांबट चिरा आहेत, त्यांच्यावरून सिलिकॉनचा जाड थर गेलाय. यांनी चाकूच्या टोकाने एका चिरेवरचं थोडं उचकटलं तर आतून पाणी धारेने बाहेर आलं! पाऊस आदल्या दिवशी दुपारीच थांबला होता. पाण्याबरोबर हिरवट शेवाळंही आलं.

वास: सासूबाई म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीत नाक घातल्यासारखं झालं होतं दोन दिवस."

आणि प्रतिबिंबाचं तुम्हाला कसं कळलं? मागच्या बांधावर उभं राहिलं की दोन्ही काचांत सिल्व्हर ओक दिसतात. खालच्या, खराब काचेत खोड अगदी सरळ दिसतं. वरच्या चांगल्या काचेत ते मध्ये बारीक आणि कडांकडे ओढल्यासारखं वाकलेलं दिसतं. आम्हाला वाटलं होतं उलट असेल. वरची काचही खराब व्हायला लागली आहे का?

चिपळूणकर, काचेच्या कौलांचा विचार आधी झाला होता. पण थंडीत तिथून गार हवा उतरते आणि वादळी पावसात तुषार आत येतात, म्हणून सासूबाईंनीच नको म्हटलं.

काचकाम

ताई, तुम्ही अगदी नेमकं पाहिलंत. सगळं उलगडलं.

वरची काच खराब नाही. ती फुगलेली आहे, आणि फुगलेली आहे याचाच अर्थ तिची कड अजून शाबूत आहे. ही काच पुण्याजवळ बंद झाली. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर, पाचगणी 1290 च्या आसपास. काच सील करताना तिच्या पोटात पुण्याची हवा, पुण्याच्या दाबाने, कोंडली गेली. पसरणी घाट चढून वर आल्यावर बाहेरचा दाब साधारण 8 टक्क्यांनी उतरला, आतला तसाच राहिला. काच जराही वाकली नसती तर चौरस मीटरला 800 किलोचा रेटा आतून आला असता. काच वाकते, मधोमध मिलिमीटरभर बाहेर येते, म्हणून निभावतं. पण तो रेटा कडेच्या ब्युटाइलला रात्रंदिवस ओढत राहतो. त्यात ऊन लागून आतली हवा 25 अंशांनी तापली, जे स्कायलाइटमध्ये सहज होतं, तर जवळजवळ तेवढाच दाब आणखी वाढतो.

खालची काच सरळ दिसते कारण तिची कड सुटली, दाब निघून गेला, काच पुन्हा सपाट झाली.

आता खालचीच आधी का गेली? उताराच्या स्कायलाइटमध्ये फ्रेमच्या खोबणीत जे पाणी झिरपतं ते सगळं उतरत उतरत खालच्या पट्टीत येतं. ते येणार हे गृहीतच धरलेलं असतं, म्हणून तर त्या चिरा ठेवतात. कुठलीही काच कड पाण्यात बुडवून ठेवली की सीलंट सोडते, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. माझा अंदाज, त्या चिरा आधीच शेवाळाने तुंबल्या असणार आणि सिलिकॉनने त्यांना बूच बसलं. पाऊस थांबून रात्र उलटली तरी धार लागते म्हणजे खालच्या काचेची कड सबंध पावसाळा पाण्यात उभी आहे.

आणि तो लोणच्याचा वास! ते आम्लाचं सिलिकॉन. बाथरूमच्या टाइल्सला चालतं, डीजीयूच्या आसपास अजिबात नाही. त्यातून सुटणारं आम्ल ब्युटाइल आणि लॅमिनेटेड काचेतला (दोन काचा चिकटवणारा) पडदा दोन्हींना बाधतं. डब्यावर "न्यूट्रल क्युअर", म्हणजे आम्ल न सोडणारं, लिहिलेलंच घ्यायचं. दुकानदार "सगळं सारखंच असतं" म्हणेल, ऐकू नका.

आता काय करायचं ते सांगतो.

आजच्या आज दोन्ही चिरा पूर्ण मोकळ्या करा. खालच्या पट्टीवरचं सगळं सिलिकॉन धारदार पात्याने काढा. एवढ्याने खालची काच बरी होणार नाही, पण वरची वाचेल. दोन काचांच्या मधल्या आडव्या पट्टीपाशीही बघा. ती काचेपेक्षा उंच उभी असेल तर वरच्या काचेच्या तळाशी बंधारा होतो. तिथे नवी पट्टी बसवताना जितकी चपटी मिळेल तितकी घ्या.

काच बदलायचं काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. भर पावसात खोबणी उघडू नका. तोवर जिन्यातला उजेड थोडा धुरकट राहील, तेवढं सोसा. धुकं आहे म्हणून काच खाली पडेल अशी भीती आईंच्या मनात असेल तर ती काढून टाका, तसा धोका यात नाही. फक्त एक खात्री करा. खोलीकडची काच लॅमिनेटेड आहे ना? डोक्यावरच्या काचेत ती लॅमिनेटेडच हवी, म्हणजे फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून वरच राहतात. फॅब्रिकेटरचं बिल काढून बघा. खालून टफन किंवा साधी काच असेल तर दिवाळीची वाट न बघता त्या पायरीवर बसणं थांबवा, आणि तेव्हा दोन्ही काचा बदला.

नवी काच मागवताना दर शेवटी विचारा, आधी बनावट विचारा. वर 6 मिलिमीटर टफन, 12 ची पोकळी, खाली 3 अधिक 3 लॅमिनेटेड असं घ्या, सुमारे 25 मिलिमीटर जाडी होते. तुमच्या खोबणीत आत्ता किती जाडीची काच आहे ते मोजूनच ऑर्डर द्या. बाहेरचा सीलंट सिलिकॉनच पाहिजे असं लिहून घ्या. भिंतीतल्या खिडकीत पॉलिसल्फाइड चालतं कारण कड फ्रेममध्ये झाकलेली असते. स्कायलाइटमध्ये ऊन काचेतून कडेपर्यंत पोचतं आणि पॉलिसल्फाइड त्या उन्हात काच सोडतं. पण नुसतं सिलिकॉनही पुरत नाही, त्यातून वाफ आरपार जाते. आत ब्युटाइलची दोरी चारही बाजूंनी, कोपऱ्यांतही, कुठेही न तुटता गेलेली हवी. शक्य असेल तर कडेला काळा सिरॅमिक पट्टा छापून घ्या, त्याने ऊन अडतं. स्पेसर कोपऱ्यात वाकवलेला मिळाला तर उत्तम. जोडलेल्या कोपऱ्यांतून जास्त गळतं.

आणि उंचीचं: "ब्रीदर ट्यूब लावून द्या" असं सांगा. स्पेसरमधून बाहेर काढलेली बारीक नळी असते. ती उघडी ठेवून काच घाट चढवायची, वर घरात कोरड्या खोलीत एक-दोन दिवस उभी ठेवायची, आतला दाब बाहेरच्याइतका झाला की नळी चिमटून सीलंटने बंद करायची आणि मगच बसवायची. नळी बंद करायला कारखान्याचा माणूस यायला हवा, हे कामाच्या ऑर्डरमध्ये लिहा. पाचगणीचं घर आहे हे फॅब्रिकेटरने कारखान्याला सांगितलं नसेल तर कारखाना आपणहून नळी लावत नाही. तुमच्या बाबतीत तसंच झालेलं दिसतंय.

एका काचेचं वजन 35 किलोच्या घरात जाईल. कौलांवरून ते चढवायला दोन माणसं आणि फळ्या टाकून केलेली वाट लागेल. कौलांवर थेट पाय देऊ नका, नाहीतर काच नवी आणि छप्पर गळकं.

चिपळूणकरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कोकणात काचेचं कौलच योग्य. पाचगणीत थंडीच्या पहाटे बाहेर चांगलाच गारठा असतो, एकेरी काच आतून पाझरते आणि जिन्यात टपटप सुरू होते. म्हणून मी डबल काचेच्याच बाजूने आहे, नीट बसवली तर.

डेन्व्हरकर

काकांच्या उंचीच्या मुद्द्याला इथून दुजोरा. डेन्व्हर 1600 मीटरवर आहे. इथे बाहेरगावच्या सखल भागात बनलेल्या खिडक्या येतात त्यात केसासारखी कॅपिलरी ट्यूब असते, ती कायमची उघडीच ठेवतात. इतकी बारीक आणि लांब असते की दाब सारखा होतो पण ओल फार सावकाश शिरते. तोटा एवढाच की आत आर्गॉन (उष्णता कमी जाऊ देणारा वायू) भरला असेल तर तो हळूहळू निघून जातो. त्यामुळे निशिगंध, कुणी "आर्गॉन भरून देतो" म्हणून जास्त पैसे मागितले तर उघड्या नळीबरोबर त्याला अर्थ नाही.

काचकाम

डेन्व्हरकर, बरोबर. आपल्या पावसाळ्यात मात्र नळी कायम उघडी ठेवायला माझं मन घेत नाही. तीन-चार महिने शंभर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते, सावकाश का होईना ओल आत जाणारच. इथे बंद करणारी ब्रीदर ट्यूबच बरी. आर्गॉन जिन्याच्या काचेसाठी मुळीच नको.

निशिगंध

बिलात खोलीकडची काच "3+3 लॅम" लिहिली आहे, जीव भांड्यात पडला. दोन्ही चिरा मोकळ्या केल्या. शेवटचं विचारते: वरची काच आत्ता ठेवावी, की एकदा माणसं चढणारच आहेत तर दोन्ही बदलाव्यात?

काचकाम

आधी वरचीची परीक्षा घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ बांधून जिन्यातून त्या काचेला खालून पाच-दहा मिनिटं लावून धरा. मग पिशवी काढून खोलीकडची बाजू कोरड्या फडक्याने पुसा आणि लगेच बघा. पुसूनही तिथे गोल धुकट ठिपका उरला तर तो आतला आहे, मणी भरत आलेत, दोन्ही बदला. काही दिसलं नाही तर मणी अजून जिवंत आहेत.

त्यानंतर खालची काढतील तेव्हा वरचीची खालची पट्टीही उघडायला सांगा. कडेचा काळा सीलंट नखाने काचेपासून सोलून बघा. रबरासारखा घट्ट धरून असेल तर राहू द्या, तिने घाटाचा ताण इतकी वर्षं सोसलाय, आता पाणी साचणं थांबल्यावर आणखी बरीच टिकेल. पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तीही बदला. हे काच मागवायच्या आधी बघितलेलं बरं, म्हणजे दोन्ही एकाच गाडीत येतील आणि भाडं एकदाच पडेल.

चिरा मोकळ्या केल्यात ते उत्तम. आता पाऊस उघडला की एक तांब्याभर पाणी वरच्या कडेवर हळूहळू ओता आणि दोन्ही चिरांतून बाहेर येतंय का पाहा. एकाच चिरेतून आलं तर फ्रेम एका बाजूला कललेली आहे, ते काच बसवायच्या आधी पाचरी घालून सरळ करून घ्यावं लागेल. बर्फाचं आणि पाण्याचं काय झालं ते इथेच लिहा.